६.५×५५ की ७×५७? रायफल घेण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडन-नॉर्वेत स्थायिक झालेले, अमेरिकेत हरणाच्या हंगामासाठी पहिली रायफल शोधणारे, दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जाणारे असे अनेक मराठी वाचक या दोन काडतुसांबद्दल विचारत असतात. भारतातल्या वाचकांनी आधी प्रश्न १४ वाचावा.

१. ही दोन काडतुसं नेमकी कोणती, आणि आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पितळी केसच्या (काडतुसाच्या कवचाच्या) लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७×५७ हे माउझरने १८९२ मध्ये तयार केलं आणि १८९३ च्या रायफलीबरोबर ते स्पेनच्या लष्करात आलं. १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर सैनिकांच्या हाती हेच होतं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शेतांवर ते आजही वापरात आहे. ६.५×५५ हे स्वीडन आणि नॉर्वे यांनी मिळून ठरवलं आणि १८९४ मध्ये स्वीकारलं. नॉर्वेने त्यासाठी क्राग-योर्गेनसन रायफल घेतली, स्वीडनने माउझर.

आकड्यांत थोडी फसगत आहे. ६.५ च्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास सुमारे ६.७ मिमी असतो आणि ७ च्या गोळीचा ७.२ मिमी. म्हणजे जाडीतला खरा फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर. पूर्ण काडतुसाची कमाल लांबी ६.५×५५ ला ८० मिमी, ७×५७ ला ७८ मिमी.

२. धक्का कोणाचा कमी?

सारख्या वजनाच्या गोळीला जवळपास सारखाच. स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) ३.६ किलोची रायफल धरून हिशेब केला तर १४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळीला ६.५×५५ चा धक्का सुमारे १८ ज्यूल येतो आणि ७×५७ चा १९. जड गोळ्यांत ६.५ ची १५६ ग्रेन सुमारे २० ज्यूल, ७ ची १७५ ग्रेन सुमारे २१. तुलनेसाठी दुसरी दोन काडतुसं: १८० ग्रेनच्या .३०८ ला २४-२५ आणि .३०-०६ ला ३० च्या घरात धक्का बसतो.

एक-दोन ज्यूलचा फरक खांद्याला कळत नाही. रायफलीचं वजन, दस्त्याची लांबी आणि मागच्या रबरी पॅडचा दर्जा मात्र लगेच कळतो. २.८ किलोच्या हलक्या रायफलीत ६.५×५५ सुद्धा टोचते. म्हणून धक्क्यासाठी काडतूस बदलण्याआधी दस्ता आपल्या हाताच्या लांबीचा आहे का ते पाहा: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचा मागचा भाग आतल्या बाजूला टेकवला की बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज यावं.

३. मग दोघांत निवडायचं कशावर?

तीन गोष्टींवर, याच क्रमाने. तुम्ही जिथे शिकार करता तिथला कायदा (प्रश्न ५). तुमच्या गावाच्या दुकानात फळीवर मिळणारी काडतुसं. आणि रायफल: हातात आधीच असलेली किंवा परवडणारी.

स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये नवी रायफल घेत असाल तर आमचं मत स्पष्ट आहे: ६.५×५५. लापुआ आणि नॉर्मा यांची काडतुसं सहज मिळतात, टिक्कासारख्या नव्या रायफली त्यात येतात आणि सराव स्वस्तात होतो. घरात चांगली ७×५७ असेल, जवळच्या अंतरावर जड गोळीने शिकार करायची असेल किंवा मोडती (बिजागरीवर मोडून उघडणारी) एकनळी रायफल हवी असेल (प्रश्न १०), तर ७×५७ सोडण्याचं कारण नाही. अमेरिकेत ७×५७ मध्ये नव्या रायफली कमी दिसतात. तिथे प्रश्न ११ वाचून मग ठरवा.

४. मूस किंवा कुडूएवढ्या मोठ्या प्राण्याला ही पुरतात का?

पुरतात, योग्य गोळी असेल आणि अंतर आवरतं ठेवलं तर. स्कँडिनेव्हियात शंभराहून जास्त वर्षं ६.५×५५ ने मूस पाडले जात आहेत. त्याचं कारण वेग नव्हे, गोळीची लांबी. जाडीच्या मानाने वजन जास्त असलेली गोळी खोल जाते. हे मोजण्याचं माप म्हणजे सेक्शनल डेन्सिटी. ६.५ च्या १५६ ग्रेन गोळीचं हे माप .३२० आहे, ७ च्या १७५ ग्रेनचं .३१०, आणि ७ च्या १४० ग्रेनचं फक्त .२४८. ६.५ ची १४० ग्रेन गोळी .२८७ वर आहे. म्हणजे दोन्हीकडे "१४० ग्रेन" लिहिलेलं असलं तरी त्या गोळ्या खोलीच्या बाबतीत सारख्या नाहीत. ७ मध्ये तेवढीच खोली हवी असेल तर १६० ग्रेनच्या पुढे जावं लागतं.

मूस, एल्क, कुडू यांच्यासाठी आम्ही ६.५ मध्ये १५६ ग्रेन आणि ७ मध्ये १६० ते १७५ ग्रेन सुचवतो. दोन्हीकडे गाभा आवरणाला जोडलेली गोळी घ्या, म्हणजे हाडावर आदळली तरी ती फुटून विखुरत नाही. नॉर्माची ओरिक्स याच जातीची. अंतर दोनशे मीटरच्या आत ठेवा. प्राणी आडवा उभा असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेला, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरा. तिथे हृदय आणि फुप्फुसं दोन्ही सापडतात. प्राणी समोरून किंवा पाठमोरा असेल तर बोट ट्रिगरवरून काढा.

रोडिअर, व्हाइटटेल, स्प्रिंगबॉक, इम्पाला यांच्यासाठी दोन्ही काडतुसं भरपूर आहेत. तिथे १२० ते १४० ग्रेनची साधी, लवकर फुलणारी (आदळल्यावर टोक पसरणारी) गोळी जास्त चांगली, कारण लहान प्राण्याच्या अंगात जड गोळीला फुलायला पुरेसा अडथळाच मिळत नाही.

"बेलने याच ७×५७ ने हत्ती मारले, मग मूस काय?" असंही विचारलं जातं. आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने .२७५ (७×५७ चंच इंग्लिश नाव, प्रश्न १०) वापरली हे खरं. पण त्याने न फुलणाऱ्या अखंड आवरणाच्या गोळ्या जवळून मेंदूवर मारल्या, आणि त्याला हत्तीच्या कवटीची रचना पाठ होती. फुलणाऱ्या गोळीने छातीवर नेम धरणाऱ्याला त्या उदाहरणाचा काही उपयोग नाही.

५. १४० ग्रेनचा डबा आणला. शिकारीच्या गटातले म्हणतात मूसला चालणार नाही. गोळी तर ९ ग्रॅमच्या वर आहे!

गटातले बरोबर आहेत. हा घोटाळा दर हंगामात होतो.

स्वीडनमध्ये मूसला लागणाऱ्या वर्ग १ च्या काडतुसाला दोन वाटा आहेत. गोळी ९ ग्रॅम किंवा जास्त असेल तर १०० मीटरवर किमान २७०० ज्यूल ऊर्जा हवी. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० ज्यूल पुरते. नॉर्वेत रचना तीच, फक्त १० ग्रॅमच्या वाटेला २२०० ज्यूल. गोळी दोन्हीकडे फुलणारीच हवी.

आता हिशेब करा. १४० ग्रेन म्हणजे ९.०७ ग्रॅम, म्हणून पहिली वाट. ६.५×५५ मधून ती साधारण ७९० मीटर प्रति सेकंदाने निघते, नळीच्या तोंडाशी सुमारे २८५० ज्यूल. १०० मीटरवर उरतात २४००-२४५०. कमी पडली. १५६ ग्रेन म्हणजे १०.१ ग्रॅम, म्हणून दुसरी वाट. ती १०० मीटरवर २४०० च्या आसपास असते आणि आरामात पास होते. ऊर्जा जवळपास तीच, पण एक गोळी कायद्यात बसते आणि दुसरी नाही.

७×५७ मध्येही तसंच. १३९-१४० ग्रेनची गोळी ९ ग्रॅमची असते आणि सहसा २७०० गाठत नाही. १५० ग्रेन (९.७ ग्रॅम) अगदी काठावर असते: लांब नळीतून जमते, आखूड नळीतून नाही. १६० ग्रेन (१०.४ ग्रॅम) घेतली की प्रश्न मिटला.

जर्मनीत नियम वेगळा. रोडिअरला १०० मीटरवर १००० ज्यूल; त्याहून मोठ्या हरणांना आणि रानडुकराला किमान ६.५ मिमी कॅलिबर आणि २००० ज्यूल. तिथे दोन्ही काडतुसं हलक्या गोळीनेही बसतात.

डब्यावरचे आकडे बहुधा ६० सेंमीच्या नळीचे असतात. तुमची नळी ५० सेंमीची असेल तर दर अडीच सेंमीला ६ ते ९ मीटर प्रति सेकंद वेग कमी धरा आणि मग ऊर्जा काढा.

६. शिसं नको, तांब्याच्या गोळ्या वापरायच्या आहेत. कोणतं बरं?

तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि केसमधली जागा खाते. ६.५ मध्ये तांब्याच्या गोळ्या बहुतेक १२० ते १३० ग्रेनच्या, म्हणजे ७.८ ते ८.४ ग्रॅमच्या असतात. त्या ९ ग्रॅमच्या अटीतच बसत नाहीत. ७ मध्ये १४० ग्रेनची तांब्याची गोळी वजनात बसते, पण २७०० ज्यूलला अडते (प्रश्न ५). शिसं नसलेल्या गोळ्यांना वेगळी मर्यादा आहे का, हे तुमच्या देशाच्या चालू हंगामाच्या नियमात पाहूनच डबा घ्या.

कायद्याची अडचण नसेल तिथे ६.५×५५ ला फायदा आहे. जुन्या नळ्यांच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ २०० मिमीला एक फेरा इतका घट्ट, त्यामुळे लांब गोळ्या डगमगत नाहीत.

७. लांब अंतरावर कोण सरस?

कागदावर ६.५×५५, कारण त्याच वजनाची ६.५ ची गोळी हवा चांगली कापते. शिकारीच्या अंतरावर फरक लहान राहतो. १४० ग्रेनच्या टोकदार गोळीने २०० मीटरवर झिरो केली (स्कोपचा नेम आणि गोळीचा ठसा त्या अंतरावर जुळवला) तर ३०० मीटरवर दोन्ही काडतुसं साधारण २५ ते ३० सेंमी खाली मारतात. ७ ची १७५ ग्रेन ३५ सेंमीच्या आसपास उतरते, आणि गोल नाकाची असेल तर आणखी. वाऱ्यातला फरक त्याहून जास्त जाणवतो, आणि तिथे ६.५ पुढे आहे.

८. झिरो कशी करावी?

शिकारीला जे काडतूस नेणार त्याच डब्यातल्या गोळ्यांनी. सरावाला १४० आणि मूसला १५६ असं करणाऱ्यांचा नेम तिथेच चुकतो. १०० मीटरवरच दोघींचा ठसा काही सेंमी इकडेतिकडे पडू शकतो.

आधी २५ मीटरवर गोळी लक्ष्याच्या कागदावर पडते एवढं साधा. मग १०० मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे गट मारा आणि गटाच्या मध्यावरून स्कोप फिरवा, एकेका गोळीवरून नाही. गटांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थंड होऊ द्या. जड गोळीसाठी १०० मीटरवर ४ सेंमी वर ठेवली की दीडशे मीटरच्या पुढेपर्यंत नेम बदलावा लागत नाही. शेवटी एक गोळी पूर्ण थंड, स्वच्छ नळीतून मारून पाहा, कारण जंगलातली पहिली गोळी तशीच सुटते.

नॉर्वेत मोठ्या प्राण्यांसाठी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते: ३० सरावाच्या गोळ्या, मग १०० मीटरवर पाच, आणि पाचही ३० सेंमीच्या वर्तुळात. कमी धक्क्याचं काडतूस तिथेच कामाला येतं. तिसाव्या गोळीलाही डोळे मिटत नाहीत.

९. जुनी लष्करी माउझर स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?

स्वीडिश म/९६ (६.५×५५ ची लष्करी माउझर) चांगल्या अवस्थेत असेल तर घ्या. तिची नळी ७४ सेंमीची, पोलाद उत्तम, काम बारीक. दस्त्यावर पितळी चकती असेल तर तिच्यावर नळीच्या अवस्थेची खूण असते, पण ती लष्करातल्या शेवटच्या तपासणीची. नळी स्वतः उजेडाकडे धरून पाहा. स्कोप बसवायचा असेल तर सरळ बोल्टहँडल वाकवावं लागतं आणि रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाला) भोकं पाडावी लागतात. मग ती संग्राहकाच्या कामाची राहत नाही.

स्पॅनिश १८९३ आणि १९१६ च्या रायफलींबाबत सावध राहा. पोलाद मऊ, तिसरा सुरक्षा लग (बोल्टला अडवून धरणारा दात) नाही. वर्षानुवर्षांच्या दाबाने लग जिथे टेकतात ती बैठक मागे सरकते आणि हेडस्पेस (काडतुसामागची मोकळी जागा) वाढतो. काही १९१६ च्या रायफली पुढे ७.६२ मध्ये बदलल्या गेल्या, त्यामुळे "स्पॅनिश माउझर म्हणजे ७ मिमी" असं गृहीत धरू नका. गनस्मिथकडून चेंबरचा (नळीत काडतूस बसतं त्या जागेचा) साचा काढून घ्या आणि हेडस्पेस मोजणाऱ्या गो, नो-गो गेजने तपासा.

घरीही एक तपासणी होते. उडवलेल्या केसच्या बुडापासून सात-आठ मिमीवर चकाकती रिंग दिसते का पाहा. एक बारीक तार घ्या, टोक काटकोनात वाकवा, केसमध्ये घालून भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. टोक एखाद्या खाचेत अडखळलं तर केस आतून फाटायला लागली आहे. ती रायफल तिथेच थांबवा.

जुनी लष्करी काडतुसं वापरली तर त्यांच्या प्रायमरमधल्या (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतल्या) क्षारांनी नळी गंजते. त्याच दिवशी गरम पाणी ओतून धुवा, वाळवा, मग तेल. नुसतं तेल क्षार काढत नाही.

१०. .२७५ रिग्बी, ७×५७आर, ६.५×५७, ७×६४: हे सगळं एकच का?

नाही, फक्त पहिलं एक आहे. .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ चंच इंग्लिश नाव. ७×५७आर हे मोडत्या रायफलींसाठी कडा बाहेर असलेलं काडतूस. बोल्ट रायफलीत बसत नाही. ६.५×५७ म्हणजे ७×५७ ची केस ६.५ पर्यंत आवळलेली, ६.५×५५ शी तिचा संबंध नाही. ७×६४ जास्त लांब आणि जोरकस. काडतूस बसतं म्हणून उडवायचं नाही. नळीवर कोरलेलं आणि केसच्या बुडावर छापलेलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे.

११. ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिमी-०८ का घेऊ नये?

घ्या, अमेरिकेत असाल तर बहुधा तेच सोयीचं. ७ मिमी-०८ (१९८०) आणि क्रीडमूर (२००७) ही जवळपास तेच काम आखूड केसमध्ये करतात. काडतुसाची लांबी ७१-७२ मिमी, म्हणून शॉर्ट अॅक्शनची (आखूड बोल्टची), थोडी हलकी रायफल चालते. शिवाय ती जास्त दाबाला ठरवलेली आहेत. जुन्या दोघांना लांब मॅगझीन लागतं. त्यांची बाजू तिथे वर येते जिथे १५६ किंवा १७५ ग्रेनची लांब गोळी हवी असते: ती केसच्या आत न शिरता व्यवस्थित बसते.

१२. अमेरिकन ७×५७ काडतुसं युरोपातल्यांपेक्षा मंद का?

दाबाची मर्यादा वेगळी आहे म्हणून. अमेरिकन मानक दोन्ही काडतुसांना सुमारे ५१,००० पीएसआयवर थांबवतं, कारण १८९३ ची माउझर आणि क्राग अजून लोकांच्या घरात आहेत. युरोपीय मानकात ७×५७ ला ३९०० बार आणि ६.५×५५ ला ३८०० बार चालतं. मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने हे आकडे सरळ एकमेकांत बदलू नका. नव्या, निर्मात्याने प्रमाणित केलेल्या रायफलीत युरोपीय काडतूस चालतं. प्रश्न ९ मधल्या स्पॅनिश रायफलींत फक्त मंद काडतूस, तेही गेजने तपासल्यावर.

१३. माझी ७×५७ हलक्या गोळ्या विखुरते. आणि रिलोडिंगला (वापरलेली केस पुन्हा भरायला) .३०-०६ च्या केस चालतील का?

विखुरण्याचं कारण बहुधा थ्रोट (चेंबरपुढचा, नळीच्या खाचा सुरू होण्याआधीचा भाग). हे चेंबर १७३-१७५ ग्रेनच्या लांब, गोल नाकाच्या गोळीसाठी कापलेलं होतं. १२० ग्रेनच्या आखूड गोळीला केसमधून सुटून खाचा पकडेपर्यंत बराच प्रवास करावा लागतो आणि ती तिरकी शिरते. नळी बदलण्याआधी १६० किंवा १७५ चा एक डबा मारून पाहा. बऱ्याचदा गट तिथेच आवळतो.

केसबद्दल: ७×५७ आणि .३०-०६ दोघांचं बूड सुमारे १२.० मिमी, म्हणून .३०-०६ कापून-आवळून ७×५७ करता येते, पण मान जाड होते आणि आतून घासून पातळ करावी लागते. ६.५×५५ चं बूड १२.२ मिमी. .३०-०६ पासून केलेली केस त्या चेंबरमध्ये बुडाशी फुगते आणि फाटू शकते, म्हणून तो उद्योग करू नका. लापुआ किंवा नॉर्माची खरी केस घ्या. शेलहोल्डरही (भरताना केसचं बूड धरणारा भाग) वेगळा लागतो. पावडरचं वजन छापील मॅन्युअलमधूनच.

१४. भारतात यातलं काय चालतं? घरात आजोबांची .२७५ आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. पिकांचं नुकसान करणाऱ्या रानडुक्कर किंवा रोहीबाबत वनविभागाच्या लेखी परवानगीची तरतूद आहे. ती हातात नसताना केलेली कोणतीही शिकार गुन्हा आहे. शस्त्र ठेवायला आर्म्स अॅक्ट, १९५९ खाली परवाना लागतो. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या स्पोर्टिंग रायफली .३१५ आणि .३०-०६ मध्ये येतात.

जुन्या घरांत .२७५ सापडते, कारण इंग्रजी अमलात हे काडतूस इथल्या शिकाऱ्यांचं आवडतं होतं. चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बीच होती. वारशाने आलेली रायफल स्वतःच्या परवान्यावर चढवण्याची सोय आर्म्स रूल्स, २०१६ मध्ये आहे. मूळ परवानाधारकाचं निधन झालं असेल तर रायफल घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या आणि मग अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशाचं शस्त्रही त्यात मोजलं जातं.